कार्यस्थळावरील संवाद आणि वऱ्हाडी बोली : सांस्कृतिक संवेदनशीलतेच्या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत 'संवादकौशल्य', 'व्यक्तिमत्त्व विकास' आणि 'मृदू कौशल्ये' या नावांचे घटक पदवी अभ्यासक्रमात स्थिरावले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर त्यांचे महत्त्व अधिकच वाढले. या घटकांसाठी वापरल्या जाणाऱ्या पुस्तकांत सांस्कृतिक संवेदनशीलतेवर एखादे प्रकरण हमखास असते. जपानी माणूस कमरेत वाकून अभिवादन करतो, भेटकार्ड दोन्ही हातांनी द्यावे, अशा स्वरूपाची माहिती त्यात आढळते. ही माहिती निरुपयोगी आहे असे नाही. परंतु अमरावती व अकोला जिल्ह्यांतील विद्यार्थ्याला जपानी सहकारी भेटेल किंवा न भेटेल. दर्यापूर, मूर्तिजापूर वा अचलपूर येथील कार्यालयात मात्र त्याला पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या अधिकाऱ्याशी, अमराठी व्यवस्थापकाशी आणि खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याशी दररोज बोलावेच लागते. या नित्याच्या संवादाबाबत आपली पाठ्यपुस्तके मौन बाळगतात. प्रस्तुत लेखात वऱ्हाडी बोलीच्या संदर्भात या मौनाची चिकित्सा केली आहे.

विषयाची पार्श्वभूमी

वऱ्हाडच्या माणसाला कार्यालयीन भाषा नेहमीच बाहेरून मिळाली. १८५३ मध्ये हा प्रदेश ब्रिटिश प्रशासनाखाली आला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. सत्तेचे केंद्र प्रथम नागपूर व नंतर मुंबई असे बदलत गेले. विदर्भावर अन्याय होऊ नये या भूमिकेतून १९५३ चा नागपूर करार झाला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भासह इतर भागांसाठी शासकीय सेवेत पुरेशा संधींची तरतूद करण्यात आली. म्हणजेच नोकरीत प्रवेश कसा मिळेल याचा विचार झाला. प्रवेश मिळाल्यानंतर त्या माणसाची बोली कशी ऐकली जाईल, याचा विचार ना करारात झाला, ना नंतरच्या प्रशिक्षणात. आज आपण शिकवीत असलेला संवादकौशल्याचा घटक याच उणिवेचा वारसा पुढे चालवीत आहे.

वऱ्हाडीतील सौजन्य

या घटकाच्या पुस्तकांतील संवादाची कल्पना अशी की, बोलणाऱ्याने आपला उच्चार, शब्द व हावभाव प्रमाणानुसार घडवावेत. 'मला'ऐवजी 'मले', 'शाळा'ऐवजी 'शाया', 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणणारा विद्यार्थी या कल्पनेनुसार प्रारंभापासूनच अपुरा ठरतो. वस्तुतः ही नियमबद्ध भाषिक रूपे आहेत. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद मराठीचे एक रूप म्हणूनच झाली आहे. भाषावैज्ञानिकाने शंभर वर्षांपूर्वी ज्याला रूप म्हटले, त्याला आपण तोंडी परीक्षेत आजही चूक म्हणतो.

उच्चारापेक्षा गंभीर प्रश्न सौजन्याच्या खुणांचा आहे. वऱ्हाडीत 'येजो', 'सांगजो' आणि आदरार्थी 'येजा', 'सांगजा' ही आज्ञार्थाची रूपे आहेत. त्यांत केलेली सूचना तत्क्षणी पाळण्याची नसते. ऐकणाऱ्याला सवड देणारी, आर्जवाची छटा त्यांत असते. प्रमाण मराठीच्या कानाला हीच रूपे उद्धट किंवा हास्यास्पद वाटतात. 'काऊन' हा 'का' या अर्थाचा साधा प्रश्न. पण तो अपरिचित कानाला जाब विचारल्यासारखा भासतो. टेबलापुढे उभा असलेला शेतकरी कारकुनाला 'भाऊ' किंवा 'बापू' म्हणतो, तेव्हा तो कार्यालयीन शिष्टाचार मोडत नसतो; अनोळखी माणसाशी बोलण्यापूर्वी नाते जोडून घेण्याचा आपल्या परिसराचा शिष्टाचार तो पाळत असतो. पाठ्यपुस्तक मात्र या संबोधनाला 'अव्यावसायिक' ठरवून मोकळे होते.

कामाच्या शब्दांचेही असेच आहे. पश्चिम महाराष्ट्रात जिला कुळवणी म्हणतात ती वऱ्हाडात वखरणी, आणि तिकडची कोळपणी ती इकडची डवरणी. कपाशीचे झाड येथे 'पऱ्हाटी' असते. अकोल्यात १९६९ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ते आज डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते. अशा संस्थेतील वा कृषी विभागातील बाहेरगावचा तज्ज्ञ शेतकऱ्याला सल्ला देताना 'डवरणी' म्हणतो की 'कोळपणी', हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. सल्ला समजला नाही तर त्या आठवड्यातील शेतीचे काम चुकते. येथे परिसराचा शब्द शिकणे हा तज्ज्ञाच्या व्यावसायिक कौशल्याचाच भाग ठरतो.

वऱ्हाडीची तीन रूपे : हसू, आसू आणि काम

बोलीविषयीचा दृष्टिकोन केवळ वर्गात घडत नाही. साहित्य व मनोरंजनाची माध्यमेही तो घडवितात. 'चला हवा येऊ द्या' या २०१४ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी ढंग घरोघरी पोहोचविला. बोलीला मिळालेली ही ओळख मोलाची आहे. परंतु तिची एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. ज्या प्रेक्षकाने वऱ्हाडी केवळ विनोदातच ऐकली, तो कार्यालयात वऱ्हाडी माणसाच्या गंभीर तक्रारीच्या प्रारंभीच हसू लागण्याचा धोका असतो.

उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने दुसरे टोक गाठले. कष्टकरी कौतिकचा जीवनसंघर्ष वऱ्हाडी बोलीच्या बळावर उभा करताना शेळके यांनी बोलीला करमणुकीतून बाहेर काढले आणि दुःखाची प्रतिष्ठा दिली. ही कादंबरी वाचताना बोली अडसर वाटत नाही. उलट, कौतिक प्रमाण मराठीत बोलली असती तर ती उणी वाटली असती. तथापि समीक्षेने या कादंबरीचा गौरव करताना बोलीला प्रामुख्याने वास्तवदर्शनाचे साधन मानले. कौतिकच्या बोलण्यातील व्यवहारचातुर्य, समोरच्या माणसानुसार स्वर बदलण्याची तिची क्षमता, हे संवादकौशल्य म्हणून आपण क्वचितच वाचले.

हसू व आसू या दोहोंपलीकडचे तिसरे रूप कामाच्या भाषेचे आहे. त्याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे संत गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेला हा निरक्षर माणूस गावात जाताच प्रथम खराट्याने रस्ते झाडीत असे आणि नंतर कीर्तनाला उभा राहत असे. त्यांची कीर्तनपद्धती व्याख्यानाची नव्हती. ती प्रश्नोत्तरांची होती. लहान लहान प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यावे आणि त्या उत्तराच्या आधारे पुढचे पाऊल टाकावे, अशी तिची रीत होती. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. महानगरातील एका शासकीय कार्यस्थळी त्यांनी आपली बोली बदलली नाही. बोली न बदलताही संवाद घडला, कारण श्रोत्यांना त्यांनी ऐकणाऱ्यांऐवजी उत्तर देणाऱ्यांचे स्थान दिले. संवादकौशल्याच्या कोणत्याही पुस्तकात समाविष्ट व्हावा असा हा पाठ आहे. आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांची संवादपद्धती मात्र आपल्या अभ्यासक्रमात अभावानेच आढळते.

एक आक्षेप आणि एक आत्मपरीक्षण

प्रमाण मराठी शिकवू नये, असा या विवेचनाचा अर्थ नाही. स्पर्धा परीक्षा, कार्यालयीन टिप्पणी व न्यायालयीन लेखन यांसाठी ती आवश्यकच आहे, आणि ती न शिकविणे हा ग्रामीण विद्यार्थ्यावर अन्याय ठरेल. मुद्दा एवढाच की, प्रमाण भाषा ही भर म्हणून शिकवावी, दुरुस्ती म्हणून नव्हे. 'मले'वर वर्गात हशा पिकला की विद्यार्थिनी 'मला' म्हणायला शिकतेच असे नाही. पुष्कळदा ती बोलणेच थांबवते. हे मौन मग मुलाखतीत 'आत्मविश्वासाचा अभाव' म्हणून नोंदविले जाते.

दुसरीकडे, बोलीचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. मित्रामित्रांतील 'बे' हे आपुलकीचे असते. तेच वरिष्ठाच्या तोंडून शिपायाकडे जाते तेव्हा अपमान होतो. साहेबांना 'तुम्ही' आणि वयाने वडील असलेल्या सफाई कामगाराला 'तू' ही रीत आपल्याच कार्यालयांत व महाविद्यालयांत दिसते. ती बोलीने निर्माण केलेली नाही. जातीने व अधिकाराने निर्माण केली आहे. बाहेरच्या अधिकाऱ्याकडून संवेदनशीलतेची अपेक्षा करणाऱ्या आपण वऱ्हाडी मंडळींनी हा हिशेब आधी चुकता केला पाहिजे.

निष्कर्ष

१. सांस्कृतिक संवेदनशीलता ही प्रथम ऐकणाऱ्याची, विशेषतः अधिकारपदावरील ऐकणाऱ्याची जबाबदारी आहे. प्रचलित पाठ्यपुस्तके ती बोलणाऱ्यावर ढकलतात.

२. वऱ्हाडी बोलीला सौजन्याची स्वतःची व्यवस्था आहे. ती न जाणता केलेले 'उद्धट' वा 'अव्यावसायिक' हे मूल्यमापन अशास्त्रीय ठरते.

३. संवादकौशल्याच्या घटकात 'धग'मधील संवादांचे वाचन, गाडगेबाबांच्या कीर्तनाचे श्रवण आणि परिसरातील व्यवसायशब्दांचे संकलन यांचा समावेश शक्य आहे. त्यासाठी नव्या निधीची नव्हे, नव्या दृष्टीची गरज आहे.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पंतप्रधान मित्र वस्त्रोद्योग उद्यानाचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. तेथे उद्योग उभे राहतील तेव्हा व्यवस्थापक बाहेरचे आणि कामगार पऱ्हाटीच्या शेतातून आलेले असण्याची शक्यता अधिक आहे. त्या कामगारांना 'गुड मॉर्निंग' म्हणायला आपण नक्कीच शिकवू. परंतु यंत्र बिघडल्याचे सांगताना 'साहेब, हे पाहून घेजा' म्हणणाऱ्या कामगाराचे आर्जव ओळखू शकेल, असा पर्यवेक्षक आपल्याच वर्गातून घडला, तरच हा विषय शिकविल्याचे सार्थक होईल.