झील कोण धरणार?

रॉक गायकाने बँड बाजूला ठेवून एकट्याच्या नावावर अल्बम काढला की त्याची गणना बहुधा मुक्तीच्या खात्यात होते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड जमवलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा ‘मिस्टर बॅड गाय’ हा अल्बमही त्याच खात्यात पडतो. ही मुक्ती कशापासून होती, हे तपासण्याची एक दुर्मीळ सोय मात्र त्याच अल्बमात आहे.

‘मिस्टर बॅड गाय’ एप्रिल १९८५ मध्ये आला. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओतले काम, अकरा गाणी, सगळी फ्रेडीचीच. ‘क्वीन’मध्ये चौघेही गाणी लिहीत. इथल्या वादकांच्या यादीत ब्रायन मे, रॉजर टेलर, जॉन डीकन ही नावे नाहीत. त्यांच्या जागी सिंथेसायझर आणि नाचाचा ठेका आहे. कोरसमध्येही फ्रेडीच्याच आवाजाचे थरावर थर चढतात.

मी डोंबिवलीकर. सकाळच्या लोकलमधले भजन कल्याण-ठाण्याच्या प्रवाशाला नवे नाही. बुवा ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात. तेवढ्यात बुवाला श्वास घ्यायला उसंत मिळते, पण झिलीचे काम तिथे संपत नाही. मंडळींनी ओळ कशी उचलली, लय कुठे ओढून धरली, हे ऐकून बुवा पुढची जागा घेतो. झील म्हणजे साथ आणि अंकुशही. स्वतःच स्वतःची झील धरणाऱ्याला साथ भरपूर मिळते, अंकुश मिळत नाही. ‘मिस्टर बॅड गाय’मधल्या बऱ्याच गाण्यांत आवाज पहिल्याच कडव्यात शिखरावर जातो आणि तिथेच राहतो, तो याचमुळे.

आता ती सोय. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी गेला. उरलेल्या तिघांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ हा अल्बम काढला, तेव्हा ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ आणि ‘मेड इन हेवन’ या दोन गाण्यांतला १९८५ चा मूळ आवाज कायम ठेवून त्याभोवतीचे संगीत नव्याने वाजवले. गळा तोच, शब्द तेच, बदलली ती संगत.

लागोपाठ ऐकले की फरक कळतो. पहिल्या ‘बॉर्न टू लव्ह यू’मध्ये ठेका आवाजाला वाहून नेतो. दुसऱ्यात मेची गिटार त्याला प्रश्न करते, अडवते, पुढे ढकलते. तोच उंच स्वर पहिल्यात मिरवणारा वाटतो, दुसऱ्यात झगडून मिळवलेला.

म्हणून एकट्याने गाणे व्यर्थ, असे मी म्हणणार नाही. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ याच अल्बमातले. विषय एकटेपणाचा, आणि तिथे झील धरायला कोणी नसणे हाच गाण्याचा अर्थ होतो. त्याची १९९३ मधली नवी आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, तीही नाचाच्याच ठेक्यावर. त्या गाण्याला बँडची गरज पडली नाही.

इतरत्र मात्र ती भासते. १९९५ च्या गाण्यांतली दादही एकतर्फी आहे: गिटारने आवाज ऐकला आहे, आवाजाने गिटार ऐकलेली नाही. दहा वर्षे उशिरा धरलेली ती झील बुवाला पुढची जागा सुचवू शकत नाही.