सहस्रकुंडाची बाणकथा : एक परीक्षण

विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेवर सहस्रकुंड नांवाचा धबधबा आहे. त्याचा एक कांठ यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यांत, तर दुसरा नांदेड जिल्ह्यांत इस्लापुराकडे येतो. परशुरामानें येथें बाण मारिला, त्या आघातानें कातळ फुटून नदीचें पाणी सहस्र मुखांनीं पडूं लागलें, म्हणून तिला या ठिकाणीं बाणगंगाही म्हणतात, अशी कथा सांगतात. ही कथा स्थळाच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून पुढें करणारे आहेत. ती भाकड म्हणून टाकून देणारेही आहेत. आमच्या मतें दोघेही तिच्यावर अन्याय करितात. पोथीची चिकित्सा आपण ज्या कसोट्यांनीं करितों, त्यांनींच कथेचीही केली पाहिजे.

प्रथम नांव पाहूं. फलकांवर हें पुष्कळदां ‘सहस्त्रकुंड’ असें लिहिलेलें आढळतें, तें अशुद्ध होय. मूळ शब्द ‘सहस्र’. त्यांत तकार नाहीं. संस्कृतांत हा शब्द नेमक्या संख्येप्रमाणेंच ‘असंख्य’ या अर्थींही येतो, आणि कुंड म्हणजे खोलगट पात्र. तेव्हां हें नांव मुळांत खडकाचें वर्णन आहे. पुरांत अडकलेले दगडगोटे भोंवऱ्यांत फिरून कातळास गोल खळगे पाडतात. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे याच रीतीनें झाले आहेत. पावसाळ्यांत जाणारास धारा दिसतात, पाणी ओसरल्यावर जाणारास कुंडें दिसतात. नांव ओसरलेल्या पाण्याचें आहे, कथा भरलेल्या पाण्याची आहे. शिवाय कथेंत बाण एक आणि मुखें सहस्र. एका बाणानें इतकीं मुखें कशीं झालीं याचें उत्तर ती देत नाहीं. नांव आणि कथा यांचा सांधा येथें निखळलेला दिसतो.

असाच सांधा दुसरीकडे कसा जुळतो, तें पाहण्यास नर्मदेकडे वळावें. महेश्वराजवळ ती नदी खडकांतून अनेक धारांनीं फुटते. त्या स्थळास सहस्रधारा म्हणतात. कार्तवीर्य सहस्रार्जुनानें आपल्या हजार बाहूंनीं नदी अडविली व ती त्या बाहूंमधून निसटली, अशी तेथील कथा आहे. तिचें बीज रामायणाच्या उत्तरकांडांत सांपडतें. तेथें अर्जुनानें नर्मदा रोखल्यावर पाणी उलटें फिरतें आणि रावणानें शिवास वाहिलेलीं फुलें वाहून जातात. बाहु सहस्र, धारा सहस्र. हिशेब पुरा होतो. आतां हाच कार्तवीर्य परशुरामाचा वैरी. पैनगंगेच्या कथेंत संख्या शत्रूची व शस्त्र जेत्याचें, असें मिश्रण झालें असावें, असें आम्हांस वाटतें. हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे.

परशुराम या नदीवर कां यावा, हें सांगणें मात्र सोपें आहे. महागांव तालुक्यांतील धनोड्यास पूल ओलांडला कीं माहूरचा रस्ता लागतो. तेथें रेणुकेचें पीठ आहे, आणि परशुरामानें बाण मारून निर्माण केलें असें मानलेलें मातृतीर्थही आहे. महाभारताच्या वनपर्वांत जमदग्निवधाची कथा आहे, परंतु तींत माहूर नाहीं, पैनगंगाही नाहीं. कोंकणांत परशुरामाचा बाण समुद्र मागें हटवितो, माहुरास पाणी वर काढतो, सहस्रकुंडास नदी फोडतो. वाळकेश्वराच्या बाणगंगेस तोच बाण रामाच्या आख्यानांत जातो, भीष्मपर्वांत अर्जुनाच्या हातीं येतो. बाणाचें काम भूमीच्या गरजेप्रमाणें बदलतें, धनुर्धर शेजारच्या क्षेत्राप्रमाणें बदलतो. गोव्याच्या दूधसागराची कथा याहून वेगळी. तेथें स्नान करणाऱ्या राजकन्येच्या लज्जारक्षणासाठीं ओतलेल्या दुधाचा पडदा होतो. तिला कोणत्याही क्षेत्राचा आधार लागत नाहीं. डोळ्यांस दिसणारा शुभ्र रंगच तिला पुरतो. कथा म्हणून आम्ही तीच अधिक सुघटित समजतों.

याचा संग्राहकांशीं संबंध असा. डॉ. गर्सन दा कुन्हा यांनीं इ. स. १८७७ मध्यें सह्याद्रिखंड छापिलें, त्यांत निरनिराळीं स्थळमाहात्म्येंही आहेत. माहात्म्यकार सर्व पाठ एकाच क्षेत्रदेवतेच्या चरणीं आणून ठेवतो; त्यामुळें क्षेत्राचें गौरव वाढतें, पण पाठभेद मरतात. याउलट महानुभावांची स्थानपोथी स्थळें दिशांसह नोंदविते. आमच्या कामास ही दुसरी रीत हवी. पैनगंगेच्या खोऱ्यांत आंध, गोंड, कोलाम व बंजारा राहतात. त्यांच्या घरीं या धबधब्याविषयीं काय सांगतात, त्यांत बाण आहे कीं नाहीं, असल्यास कोणाचा, हें कोण टिपून ठेवितो? वरच्या अंगास इसापूरचें धरण झालें आहे, म्हणून नदीचें पाणीही आतां पूर्वींच्या क्रमानें येत नाहीं. पाण्याचा क्रम बदलला, तशी सांगण्याची तऱ्हाही बदलेल, आणि शेवटीं फलकावरची एकच कथा, तीही अशुद्ध नांवासह, उरेल. पोथीचें एक पान गहाळ झालें तर आपण हळहळतों. या तोंडच्या पाठांस वेष्टनही नाहीं. संग्राहकांनीं पुढील फेरींत पोथ्यांबरोबर हेही पाठ, सांगणाराची भाषा, कांठ व ऋतु यांच्या नोंदीसह, उतरून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.