'उपासमारी'चे रूपक आणि मुलांचा अस्थिकर्करोग

नव्या रक्तवाहिन्या फुटल्यावाचून अर्बुद एकदोन मिलिमीटरच्या पलीकडे वाढू शकत नाही. सबब ही वाहिन्यावृद्धी रोखणे हाच एक उपचार ठरू शकेल, असा सिद्धान्त बोस्टन येथील शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. त्याचे शास्त्रीय मोल निर्विवाद आहे. तथापि त्यातून रूढ झालेले 'अर्बुदाची उपासमार' हे रूपक ऑस्टिओसार्कोमा या मुख्यतः किशोरवयीनांच्या अस्थिकर्करोगाला कितपत लागू पडते, हे तपासणे अगत्याचे आहे.

या रूपकात दोन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे की, रसद केवळ शत्रूचीच तुटते. परंतु वाढत्या हाडातील कूर्चेचे अस्थीत रूपांतर होण्यासही रक्तवाहिन्यांचा शिरकाव आवश्यक असतो. वाहिन्यावर्धक घटक निष्क्रिय केल्यास तो शिरकाव थांबतो, हे १९९९ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. शिवाय जखम भरून येण्यासही नव्या वाहिन्या लागतात. आणि या रोगात अवयव वाचविणारी मोठी शस्त्रक्रिया तर बहुधा अटळच असते.

दुसरे गृहीतक असे की, रसद तुटली म्हणजे अर्बुद मरते. पण मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन व सिस्प्लॅटिन ही नित्याची औषधे अर्बुदापर्यंत पोचतात तीही रक्तवाहिन्यांतूनच. त्यांना बेव्हासिझुमॅबची जोड देऊन पाहणाऱ्या, अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे फलित पुढील प्रयोगांस उत्तेजन देणारे ठरले नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावाही दुर्लक्षिता येत नाही. २०१९ सालच्या फ्रेंच चाचणीत, रोग पसरलेल्या प्रौढ रुग्णांपैकी रेगोराफेनिब घेणाऱ्या २६ जणांपैकी १७ जणांचा रोग आठ आठवड्यांनंतरही पुढे सरकलेला नव्हता. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या १२ जणांत असा एकही नव्हता. परंतु बहुतेकांचे अर्बुद स्थिरावले, आक्रसले नाही. शिवाय हे औषध वाहिन्यांखेरीज इतर अनेक पेशीय संकेतांवरही आघात करते. त्यामुळे यशाचे सारे श्रेय 'उपासमारी'स देणे तर्कशुद्ध नव्हे.

तात्पर्य, येथे दोष सिद्धान्ताचा नसून रूपकाचा आहे. 'स्थगिती'ला 'मृत्यू' मानणे आणि प्रौढांवरील निष्कर्ष वाढत्या देहास जसाच्या तसा लावणे, या दोन्ही गोष्टी टाळावयास हव्यात. मुलांवरील चाचण्यांत अर्बुदाच्या मापाबरोबरच हाडाची वाढ व जखमेचे भरणे यांचीही नोंद आवर्जून झाली, तरच फोकमन यांच्या विचाराची खरी कसोटी लागेल.