हसऱ्या गरिबांचं प्रवासवर्णन

पाळी सुटल्यावर मी नेपाळची मराठी प्रवासवर्णनं वाचतो. पाठीवर पिशवी टाकायची, सुनौलीची कमान पायी ओलांडायची. भारतीयाला व्हिसा लागत नाही. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात. मग ठरलेलं वाक्य येतं: माणसं गरीब, पण हसरी.

अरे, पण हे गरीब कोण? १८५४ च्या मुलुकी ऐनाने ज्यांच्या हातचं पाणी कायद्यानंच बाटवलं, ते कामी, दमाई, सार्की या पानांत कुठायत? १९६३ ला कायदा बदलला. पाणवठा बदलला का, हे लेखक विचारत नाही. लुंबिनीत अशोकस्तंभाचा फोटो काढतो नि पुढे निघतो. त्याच कमानीतून वळकटी घेऊन मुंबईकडे येणारा पहारेकरीही त्याला दिसत नाही.

बाबासाहेब १९५६ ला काठमांडूला गेले, ते बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलायला. दोस्तांनो, तुम्हीही जा. कुणाच्या हातचं पाणी अजून चालत नाही, तेवढं विचारून या, नि मग लिहा.