चिनी ‘सहा संप्रदाय’ : एका वर्गवारीची चिकित्सा

प्राचीन चिनी तत्त्वज्ञान यिन-यांग, कन्फ्यूशियन, मोवादी, नामवादी, विधिवादी व ताओवादी अशा सहा संप्रदायांत विभागून शिकविण्याचा प्रघात आहे. षड्दर्शनांशी परिचित असलेल्या भारतीय अभ्यासकास ही संख्या सहजच विश्वसनीय वाटते. परंतु ही वर्गवारी त्या विचारवंतांची नव्हे; हान राजवटीतील सिमा तान (मृत्यू इ. स. पू. ११०) याची ती असून, त्याच्या पुत्राच्या ‘शीजी’ या इतिहासग्रंथात जतन झाली आहे. सिमा तान तटस्थ नव्हता. इतर पाचांचे गुणदोष तो सांगतो; ताओवाद्यांचे मात्र केवळ गुणच. वस्तुतः गुरुशिष्यपरंपरेने बांधलेले पंथ म्हणावेत असे कन्फ्यूशियन व मोवादी हे दोनच. विधिवादाचा अग्रणी हान फेइ (मृत्यू इ. स. पू. २३३) हा कन्फ्यूशियन श्युन्झीचा शिष्य मानला जातो, आणि त्याच्या नावावरील ग्रंथात लाओझीवर भाष्य करणारी दोन प्रकरणे आहेत! त्याला कोणत्या कप्प्यात बसवावयाचे? १९९३ साली हुबेई प्रांतातील ग्वोद्यान येथे एका थडग्यात सापडलेल्या, सुमारे इ. स. पू. ३०० च्या बांबूपट्ट्यांत लाओझीचे वेचे कन्फ्यूशियन लेखनाच्या शेजारीच होते. प्रचलित पाठातील, मानवता व न्याय्यता टाकून देण्याचा उपदेश त्या वेच्यांत नाही. म्हणजे ज्या विरोधावर दोन संप्रदायांची सीमारेषा आखली जाते, तो विरोधच निदान काही अंशी उत्तरकालीन असण्याचा संभव आहे.