कच्च्या प्रतीची निष्ठा

'हाय-फाय' हा शब्द मराठीत आला तो ऐटीचा अर्थ घेऊन. हाय-फाय हॉटेल, हाय-फाय लग्न. त्याचा उगम मात्र ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात आहे आणि तिथे त्याचा अर्थ 'उच्च प्रतीची निष्ठा' असा होतो. यंत्राने मूळ आवाजाशी राखलेली निष्ठा. भाषांतर करणाऱ्या माणसाचे कान या अर्थाने टवकारतात, कारण निष्ठेचा हिशेब आमच्याकडेही रोज मागितला जातो. निष्ठा नेमकी कशाशी? शब्दांशी, लयीशी, की मूळ वाचकाला जे वाटलं असेल त्याच्याशी? घरच्या घरी, टेपवर ध्वनिमुद्रित झालेल्या रॉक संगीताला 'लो-फाय' म्हणतात, म्हणजे शब्दशः कमी निष्ठेचं. त्या नावातच एक निवाडा दडलेला आहे आणि तो तपासून पाहायला हवा.

या संगीताचे चाहते निवाडा मान्य करूनच बचाव करतात. आवाज मळका असेल, मागे टेपची सळसळ ऐकू येत असेल, पण म्हणूनच ते 'खरं' आहे, असं त्यांचं म्हणणं असतं. मला हा बचाव दुबळा वाटतो. सळसळ हा कुठल्याच गोष्टीचा पुरावा नाही. घरच्या ध्वनिमुद्रणात ऐकण्यासारखं जे असतं ते तिथे घेतल्या गेलेल्या निर्णयांत असतं, आणि ते निर्णय यंत्राच्या मर्यादेतून आलेले असतात. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'नेब्रास्का' या १९८२ सालच्या अल्बमवरून हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसेल.

आधी यंत्राविषयी. टीॲक कंपनीने १९७९ मध्ये 'पोर्टास्टुडिओ १४४' नावाचं उपकरण बाजारात आणलं. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक मुद्रित करणारं हे पहिलं घरगुती यंत्र. नेहमीच्या कॅसेटवर प्रत्येक बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक असतात. या यंत्राने दोन्ही बाजूंची जागा एकाच दिशेने वापरली, शिवाय टेप दुप्पट वेगाने पळवली. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त पंधरा मिनिटांचं काम होई. मोठ्या स्टुडिओतली टेप ५ सेंटिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटिमीटर वेगाने धावते. कॅसेटची टेप जेमतेम ४ मिलिमीटर रुंद आणि वेग साडेनऊ सेंटिमीटर. एवढ्याशा पट्टीवर चार आवाज दाटीवाटीने बसवायचे, तर टेपची सळसळ येणारच.

पण खरी मर्यादा सळसळीची नव्हे, मोजणीची. चार म्हणजे चारच. पाचवं वाद्य हवं असेल तर आधीचे तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मग ते तीन पुसून जागा करायची. एकदा पुसले की परतीची वाट नाही. त्या तिघांतलं कोणतं वाद्य किती मोठं असावं, हे उरलेलं गाणं ऐकण्याआधीच ठरवावं लागतं. आजचा संगणक शंभर ट्रॅक देतो आणि प्रत्येक निर्णय उद्यावर ढकलू देतो. टेपपाशी उद्या नसतो.

१९८० च्या 'द रिव्हर' या दोन तबकड्यांच्या अल्बमनंतर स्प्रिंगस्टीन मोठमोठी सभागृहं भरवणारा गायक झाला होता. पुढच्या अल्बमची गाणी स्टुडिओत जाण्याआधी घरीच नीट पारखून घ्यावीत, एवढ्याच हेतूने त्याने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक या गावी, भाड्याच्या घरातल्या झोपायच्या खोलीत पोर्टास्टुडिओ मांडला. सोबत शुअर कंपनीचे दोन एसएम ५७ मायक्रोफोन, म्हणजे कुठल्याही गल्लीतल्या कार्यक्रमात दिसतील असे. १९८२ च्या जानेवारीत बहुतेक गाणी मुद्रित झाली. गाणं आणि गिटार एकदमच, मग उरलेल्या जागेत कधी दुसरी गिटार, कधी माउथ ऑर्गन, कधी आपल्याच गळ्याची साथ. चार ट्रॅकचे दोन करताना आवाज एकोप्लेक्स या टेपवरच्या प्रतिध्वनियंत्रातून फिरवला आणि शेवटची प्रत उतरवली ती एका साध्या पॅनासॉनिक टेपरेकॉर्डरवर. ही कॅसेट त्याने गाण्यांवरच्या टिपणांसकट आपल्या व्यवस्थापकाकडे पाठवली. ती कच्ची प्रत होती. पुढे कित्येक आठवडे ती कॅसेट डबीशिवाय त्याच्या खिशात फिरत होती.

पक्की प्रत करायचा प्रयत्न अर्थातच झाला. त्याच वर्षी वसंतात न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत ई स्ट्रीट बँड जमला. वाद्यं उत्तम, वादक उत्तम, गाणी तीच. पण ती गाणी तिथे उभी राहिनात. शेवटी खिशातली कॅसेटच अल्बम म्हणून काढायचं ठरलं आणि ३० सप्टेंबर १९८२ रोजी 'नेब्रास्का' बाहेर आला.

गाणी का उभी राहिली नाहीत, याचं उत्तर मला त्या गाण्यांतल्या एका शब्दात सापडतं. यातले निवेदक पुन्हा पुन्हा कुणाला तरी 'सर' म्हणतात. शीर्षकगीतातला निवेदक चार्ल्स स्टार्कवेदरवर बेतलेला आहे. या तरुणाने १९५७-५८ मध्ये अकरा खून केले होते. टेरेन्स मॅलिकच्या 'बॅडलँड्स' या चित्रपटातून ही कथा स्प्रिंगस्टीनपर्यंत पोचली. हा निवेदक आपली हकीकत सांगतो ती अदबीने, खालच्या पट्टीत, समोरच्याला 'सर' म्हणत. इतर गाण्यांत कुणी न्यायाधीशापुढे उभा आहे, कुणी रात्रीच्या रस्त्यावर मनातल्या मनात पोलिसाची विनवणी करतो आहे.

'सर' मराठीत कसा आणायचा? 'महोदय' म्हटलं तर अर्ज होतो. 'सर' तसाच ठेवला तर शाळा येते. 'साहेब' हा शब्द मात्र चपखल बसतो, कारण त्यात कचेरी आहे, ठाणं आहे, कोर्टाचा कठडा आहे आणि टेबलापलीकडे बसलेला माणूस आहे. 'मिस्टर'ची गोष्ट वेगळी. तो शब्द अनोळखी बरोबरीच्या माणसाला चालतो, तिथे 'दादा' किंवा 'अहो भाऊ' येईल. पण 'मिस्टर' जेव्हा गस्तीवरच्या पोलिसाला उद्देशून येतो, तेव्हा मराठी पुन्हा 'साहेब'कडेच वळते. या संबोधनांचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. ही सगळी गाणी एका माणसाने एका माणसाशी केलेली आहेत, आणि दोघांत एक टेबल आहे. टेबलापलीकडच्याला 'साहेब' म्हणताना कुणी ओरडत नाही. मागे ढोल वाजायला लागला की माणसाला आवाज चढवावा लागतो. आवाज चढला की समोर साहेब उरत नाही, जमाव येतो.

बँडसोबतची ती मुद्रणं अनेक वर्षं दंतकथेसारखी बोलली जात होती. २०२५ मध्ये त्यांतली काही प्रकाशित झाली, त्यामुळे आता दोन्ही पाठ शेजारी ठेवता येतात. पाठचिकित्सा करणाऱ्याला असा योग क्वचित लाभतो. 'ॲटलांटिक सिटी' बँडसह ऐकताना ते वाईट वाटत नाही. उलट चांगलं रॉक गाणं वाटतं. मात्र कर्जाने पिचलेला, गुन्हेगारांच्या कामाला होकार देऊन बसलेला तो निवेदक आता एकटा नाही. त्याच्या पाठीशी भक्कम माणसं आहेत. शब्दांनी सांगितलेली असहायता वाद्यांनी परस्पर खोडून काढली. यंत्राची निष्ठा वाढली, अर्थाशी असलेली घटली.

याचा आणखी ठसठशीत पुरावा त्याच मुद्रणांत आहे. 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गाणंही त्या खोलीत मुद्रित झालं होतं, पण ते 'नेब्रास्का'त गेलं नाही. बँडसह ते जमलं आणि १९८४ मध्ये त्याच नावाच्या अल्बममधून जगभर गेलं. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या, नोकरी न मिळणाऱ्या सैनिकाची ती कैफियत आहे. तरी लाखो लोकांनी ती देशाभिमानाची घोषणा म्हणून ऐकली. त्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा गौरव केला. घरच्या मुद्रणातला पाठ १९९८ मध्ये 'ट्रॅक्स' या संचातून बाहेर आला. त्यात तोच माणूस दात आवळून तेच शब्द म्हणतो, आणि तो ऐकून कुणी झेंडा हातात घेईल हे संभवत नाही. बँडचा पाठ मी कमी लेखत नाही. कडव्यांतली कडवट हकीकत आणि ध्रुपदाचा विजयी नाद यांतली ओढाताण हेच त्याचं बळ आहे. पण ती ओढाताण हरवून फक्त नाद ऐकण्याची सोयही त्यानेच करून दिली. वाद्यमेळ बदलणं हे भाषांतरच असतं, आणि भाषांतराचे परिणाम सभामंडपापर्यंत जातात.

आता कुणी म्हणेल, मग घरची प्रत अधिक 'नैसर्गिक' आहे असंच झालं ना? तसं मुळीच नाही. 'नेब्रास्का'तला तो पोकळ, दूरवरून आल्यासारखा आवाज झोपायच्या खोलीचा नाही. तो एकोप्लेक्सचा, म्हणजे बनवलेला आहे. १९५० च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओतून निघालेल्या तबकड्यांवर जो प्रतिध्वनी असे, त्याची आठवण त्यात आहे. ही कारागिरीच आहे, फक्त मोजकी. पॉल मॅकार्टनीचा 'मॅकार्टनी' हा १९७० चा अल्बमही याच दृष्टीने ऐकावा. लंडनच्या घरी स्टुडर कंपनीचं चार ट्रॅकचं यंत्र त्याने आणलं, पण मिक्सर नव्हता आणि आवाजाची पातळी दाखवणारे काटेही नव्हते. मायक्रोफोन थेट यंत्राला जोडलेला. मग ड्रमचा आवाज कमी करायचा तर मायक्रोफोन उचलून लांब ठेवायचा. पहिल्याच छोट्या गाण्यात पत्नीने दार उघडल्याचा आवाज आहे, तो राहू दिला. 'मेबी आय'म अमेझ्ड' या गाण्याला मात्र मोठं अवकाश हवं होतं, ते त्याने ॲबी रोड स्टुडिओत जाऊन केलं. कुठलं गाणं खोलीत मावतं आणि कुठलं मावत नाही, हे त्याला कळत होतं. घरगुतीपणाची पूजा करणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य विसरू नये.

विसरलं जातं आहे, म्हणून हे लिहायचं. आज टेपची सळसळ विकत मिळते. संगणकातल्या स्वच्छ मुद्रणावर कॅसेटचा थरथराट चढवणारी सॉफ्टवेअर आहेत. गिटारींचंही तेच. १९६० च्या दशकात अमेरिकेत सीअर्सच्या दुकानांतून 'सिल्व्हरटोन' नावाच्या स्वस्त गिटारी विकल्या जात. डॅनलेक्ट्रो कंपनीने बनवलेल्या त्यांच्या एका नमुन्यात गिटारीच्या पेटीतच अँप्लिफायर बसवलेला असे. लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या पत्र्याचं अंग. ज्या पोराला चांगली गिटार परवडत नसे त्याच्यासाठी ती होती. आज ती संग्राहकांची वस्तू झाली आहे. गरिबीतून आलेला आवाज ऐपतीची खूण होतो तेव्हा त्याच्यामागची गरज गळून जाते आणि चव तेवढी उरते. सळसळ लावलेल्या गाण्यात टेपचा एकही निर्णय झालेला नसतो. आवडली नाही तर एका बटणाने ती काढता येते.

तरीही मर्यादा मुद्दाम पत्करणं खोटंच, असं मी म्हणणार नाही. कुणी आज अभंगाचा छंद घेऊन लिहितो तेव्हा त्याच्यावर कुणाची सक्ती नसते, पण छंद स्वीकारला की ओळीतली अक्षरं त्याला मोजावीच लागतात. व्हाइट स्ट्राइप्स या जोडीने २००३ चा 'एलिफंट' लंडनच्या टो रॅग स्टुडिओत जुन्या आठ ट्रॅकच्या टेपयंत्रावर, संगणक न वापरता केला. ती मर्यादा निवडलेली होती, पण पाळलीही होती. कसोटी एवढीच: या मर्यादेने गाण्यात काय बदललं? ती काढून घेतली तर गाणं वेगळं होईल का? 'नेब्रास्का'बाबत उत्तर समोर आहे, कारण ती काढून पाहिली गेली आहे.

भाषांतराची पहिली, खडबडीत प्रत करताना मूळच्या वाक्याचा श्वास कधी कधी नकळत हाती येतो. पुढच्या संस्करणांत व्याकरण सुधारतं, वाक्य गुळगुळीत होतं आणि श्वास निघून जातो. म्हणून खडबडीतच छापावं असा नियम होत नाही. बहुतेक कच्च्या प्रती कच्च्याच असतात. प्रत्येक सुधारणेगणिक काय मिळालं आणि काय गेलं, हे दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहायचं धैर्य मात्र लागतं. ते स्प्रिंगस्टीनने दाखवलं, स्वतःच्या सर्वात यशस्वी साच्याविरुद्ध.

त्याची किंमतही होती. खिशातल्या कॅसेटवरून तबकडी कापणं तंत्रज्ञांना सहजी जमेना. अनेक प्रयत्नांनंतर ती कमी पातळीवर कापली गेली. त्यामुळे 'नेब्रास्का' इतर तबकड्यांपेक्षा हळू वाजते. ऐकणाऱ्याला उठून आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवला की गाण्याबरोबर सळसळही वर येते.