नामसूची आणि नरसीचा ‘नामा’

हस्तलिखितांच्या सूची संगणकावर चढूं लागल्या, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु व्यक्तिनामांच्या बाबतींत तेथें दोन प्रमाद संभवतात: सारख्या नांवांच्या दोन व्यक्ती एक मानणें, आणि गोपनाच्या हेतूनें नांवच पुसून टाकणें.

पहिल्याचें उदाहरण हिंगोली जिल्ह्यांतच आहे. कयाधूकांठचें नरसी हें परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान, व शके ११९२ (इ. स. १२७०) हा जन्मकाळ. ‘नामा’ ही त्यांची मुद्रा. पुढें ओवीबद्ध महाभारत रचणारा एकनाथकालीन विष्णुदास नामा झाला. नामदेवही स्वतःस विष्णुदास म्हणवीत, त्यामुळें दोघांचीं पदें गाथेंत मिसळलीं. शासनानें १९७० सालीं नामदेवगाथा प्रसिद्ध केली. तरी मुद्रेवरून कर्तृत्व ठरवितां येत नाहीं, ही अडचण कायमच आहे. याच्या उलट १६०४ सालीं सिद्ध झालेल्या आदिग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें शीर्षकांत कर्त्याचें नांव देऊन वेगळीं ठेविलीं आहेत.

यास्तव सूचींत नांव पोथींत असेल तसेंच उतरावें आणि व्यक्तीस निराळा क्रमांक द्यावा. संशय असेल तेथें दोन क्रमांक ठेवावे. दोन क्रमांक मागाहून जोडतां येतात. एकदां मिसळलेल्या नोंदी निवडणें मात्र दुष्कर.

दुसऱ्या प्रमादाचा संबंध जिवंत माणसांशीं आहे. दप्तर देणाऱ्या घराण्याचें नांव व पत्ता छापणें अनुचित होय. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यांत संशोधन व अभिलेखन यांस सशर्त सवलत आहे. तथापि सवलत म्हणजे मोकळीक नव्हे. शिवाय केवळ नांव गाळल्यानें गोपन साधत नाहीं. लहान गांवांत ‘अमुक गांवचे कुलकर्णी’ एवढें म्हटलें कीं घर ओळखूं येतें. म्हणून देणाऱ्याच्या जागीं संकेतांक घालावा, गांवाऐवजीं तालुका लिहावा, आणि संकेतांकाची किल्ली संस्थेनें स्वतंत्र, कुलुपांत ठेवावी.

मात्र हाच नियम दोनशें वर्षांपूर्वींच्या कागदांस लावूं नये. महजरांतील साक्षीदार, पोथीचा लेखक, गहाणखतांतील कूळ यांचें नांव हाच त्यांचा एकमेव अवशेष असतो. तें आपण पुसलें, तर त्या माणसास दुसरा पुरावा उरत नाहीं. उलट, देणाऱ्याचें नांव आपण उघडें केलें, तर पुढचें दप्तर माळ्यावरच राहील. या दोहोंचा विवेक न करणारी सूची कितीही शीघ्र चालो, आम्ही तीस विश्वसनीय म्हणणार नाहीं.